मालकानं स्वतः चालवायची

“बसायचंच नव्हतं तर सीटा कशाला केल्यात म्हणावं त्यात. देव्हाराच करायचा होता. वर एक घंटा बांधायची, झालं.”

नलूवहिनी हे कुणाला ऐकवत नव्हती. गॅरेजमध्ये कुणी नाही असंच तिला वाटत होतं. मी गाडीत होते, डोकं सीटखाली आणि पाय पलीकडच्या दाराबाहेर. ती अलीकडून आली. हातातला चहाचा कप तिनं बॉनेटवर ठेवला, लगेच दचकून उचलला, पदरानं ती जागा पुसली आणि पुन्हा पुटपुटली, “आता ह्या कपाच्या बुडानं क्लासिकपण जाईल जसं काही.”

“जातं,” मी आतून म्हणाले.

“अगं आई गं!” चहा अर्धा जमिनीवर. “वन्सं, माणसानं खोकावं तरी! मी तुमच्यासाठीच आणला होता.”

“उरलाय तेवढा दे.”

मी सरपटत बाहेर आले. नलूवहिनी माझी भावजय, अण्णाची बायको. आणि ती गाडी अण्णाची. दोन माणसांची, दोन दारांची, बाटलीसारखी हिरवी, जपानी. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ अरविंद इंगवले, कोल्हापुरात फौंड्री चालवायचा. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्यानं हौसेनं ती गाडी परदेशातून आणवली होती. वर्षभरात त्याची हौस फिटली आणि अण्णानं ती उचलली. फौंड्रीला तेव्हा बरे दिवस होते. गाडी आली त्याच आठवड्यात अण्णानं माझ्याकडून दोन्ही सीटांना जाड पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं शिवून घेतली. नवा फ्रिज आला की दारावरचा कागद काढायचा नाही, टीव्हीच्या रिमोटला पिशवी चढवायची, ही आपली रीत. तीच त्यानं गाडीला लावली.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. त्या मॉडेलच्या तेव्हा अण्णाच्या हिशेबानं चार पिढ्या झाल्या होत्या. आता आणखी झाल्या असतील, मी बघणं सोडलं.

तर त्या गुरुवारी मी कव्हरं काढायला बसले होते. कुशनचं काम हा माझा धंदा, दुकान घराच्या आवारातच. मी ते कुणाकडं शिकले नाही. जुनी सीट उसवायची, आधीच्यानं ती कशी शिवली होती ते टाका टाका बघायचं आणि परत शिवायची. पहिल्या काही गिऱ्हाइकांनी फार सोसलं. पण कव्हरं शिवताना मला एवढं नक्की कळत होतं की चामडं प्लॅस्टिकखाली घुसमटतं. मी म्हटलंही होतं.

“तू शीव,” अण्णा म्हणाला होता.

शिवली. आता प्लॅस्टिक पिवळं पडून चामड्याला चिकटलं होतं. ओढलं की चामड्याचा रंग सालासारखा त्याच्याबरोबर यायचा.

“काय म्हणतंय?” अण्णा दारात आला. सहा फूट उंच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वहिनी कप घेऊन सटकली.

“चिकटलंय.”

“मग सोडव की हळूहळू. ओरिजिनल चामडं आहे ते.”

“होतं.”

तो वाकला. ड्रायव्हरच्या सीटवरचा टक्कल पडल्यासारखा डाग बघून त्यानं डोळे मिटले. मला वाटलं आता ओरडेल. पण तो हळू आवाजात म्हणाला, “कुंदे, ही पहिली पिढी आहे गं.”

“माहीत आहे.”

“दुसऱ्या पिढीत दिवे बॉनेटमधून वर यायचे बंद झाले. तिसरीत कंबर सुटली. चौथीत परत बारीक केली, पण आत सगळा कॉम्प्युटर. बायकापोरांना चालवता यावी म्हणून ऑटोमॅटिक काय, अन् काय काय. क्लासिक होणार ती पहिलीच. हलकी, साधी, हातातल्या गिअरची. नुसतं बघितलं की वळते म्हणतात.”

अण्णाच्या बोलण्यात हे ‘म्हणतात’ फार यायचं. पकडते म्हणतात, रस्त्याला चिकटते म्हणतात, तिसऱ्यात गाते म्हणतात. आपल्याच गाडीबद्दल माणूस इतकं ऐकीव कसं बोलतो, असं बाहेरच्याला वाटलं असतं. आम्हांला सवय होती.

“आज लोक हसतात,” तो म्हणाला. “वीस वर्षांनी ह्याच गाडीसमोर उभे राहून फोटो काढतील.”

“वीस वर्षांनी तू कुठं असशील?”

“गाडी असेल की.”

मी कात्रीनं शिवण उसवायला लागले. मग जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, “रविवारी बापूच नेईल ना गाडी?”

बापू आमचा ड्रायव्हर. बुटका, चिवट, अण्णाच्याच वयाचा. हिरवी गाडी आल्यापासून ती बापूनं चालवायची आणि अण्णानं शेजारी बसायचं, अशी पद्धत होती. ‘इंजिन ऐकायचं असेल तर माणसानं बाजूला बसावं’ असं अण्णा सांगायचा. रंकाळ्यावरून चक्कर मारून यायचे दोघं, बापू स्टिअरिंगच्या वर जेमतेम डोकं काढून आणि अण्णा गुडघे हनुवटीला लावून.

अण्णा रुमालानं आरसा पुसू लागला. “ह्या वर्षी नियम केलाय क्लबनं. मालकानं स्वतः चालवायची.”

“आणि?”

“आणि काय? चालवायची.”

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही. आरसा मात्र लख्ख झाला.

आता हे सांगायला पाहिजे. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या क्लबनं त्या वर्षी कोल्हापूर ते पन्हाळा अशी रॅली ठेवली होती. त्यात एक नवा गट होता, ‘उद्याच्या क्लासिक’. अजून पुरत्या जुन्या नाहीत, पण पुढं होतील अशा गाड्यांचा. अण्णाला वाटलं, हा गट क्लबनं आपल्यासाठीच काढला. सगळी हयात तो हेच सांगत आला होता आणि लोक पाठीमागं ‘इंगवल्यांचं हिरवं खेळणं’ म्हणत आले होते. पन्हाळ्यावर त्या गटाची पाटी गाडीच्या काचेवर लागली की सगळ्यांची तोंडं बंद. पण श्रीमंत लोक गाड्या ट्रकवर चढवून आणतात, ड्रायव्हर पाठवतात आणि स्वतः जेवायला येतात, ह्याला क्लबवाले कंटाळले होते. म्हणून तो नियम. मालकानं स्वतः, गावातून, घाट चढून.

आणि अण्णाला गाडी चालवता येत नव्हती.

हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याजवळ लायसन होतं, त्यावरच्या फोटोत तो फार रुबाबदार दिसायचा. पण कुठलंही वाहन त्यानं चालवल्याचं कुणी बघितलं नव्हतं. सायकल सोडून. आणि हे कुणी बोलायचंही नाही. ‘तुम्हांला येत नाही’ हे तीन शब्द घरात कुणाच्या तोंडून निघालेले मी ऐकले नव्हते.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची सभा भरली. वहिनी, बापू आणि मी. अण्णा फौंड्रीत होता.

“रोज पहाटे फिरायला म्हणून जात्यात न्हवं?” बापू आवाज खाली घेऊन म्हणाला. “फिरायला न्हाई. एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्याला. फौंड्रीच्या ओम्नीवर शिकवतोय मी.”

“मला काय कळत नाही होय?” वहिनी म्हणाली. “शर्ट पिळून काढावा असा घामेजून येतात. फिरून एवढा घाम येतो कुणाला? बरं, जमतंय का?”

बापूनं चहाच्या कपात बघितलं. “पहिल्यातनं दुसऱ्यात जात्यात. बंद पाडून, पण जात्यात.”

“आणि तिसऱ्यात?”

“तिसऱ्यात टाकताना डोळं मिटत्यात.”

वहिनीनं हातातला कप खाली ठेवला.

“घाटात डोळं मिटून कसं भागायचं, वैनी? तितनं खाली बघिटलं तर जोतिबाच आठवतो.”

“आणि शेजारी मी बसायचं आहे!” वहिनीनं कपाळावर हात मारला. “मालक चालवणार, मालकीण शेजारी. तसा फोटो काढणार म्हणे. नऊवारी नेसायला सांगितलंय मला.”

“मग सांग की त्याला,” मी म्हणाले. “बायको आहेस तू त्याची. म्हणावं, अहो, तुम्हांला येत नाही, बापूला नेऊ दे, नाही मिळाली पाटी तर नाही मिळाली.”

“मी?” तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिला घाटातून ढकलायला निघाले होते. “तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते.”

“माझं? सांगून कव्हरं शिवायची थांबली नाहीत. बापू, तू सांग. तू गुरू आहेस त्याचा सध्या.”

“ताई, मी त्येंच्या घरचं मीठ खातो.”

“म्हणून त्याला दरीत जाऊ देणार?”

“न्हाई. पण तोंडानं न्हाई सांगणार.” मग बापू वहिनीकडं बघून म्हणाला, “एकदा इचारलं हुतं मी. लई वर्सामागं. म्हटलं, मालक, शिकवतो की, आठ दिवसांत शिकाल. काय बोललं न्हाईत. नुसतं ताईंच्या दुकानाकडं बघिटलं आणि आत गेलं. त्या दिसापासनं पुन्हा इचारलं न्हाई.”

वहिनीची नजर खाली गेली, माझ्या पायाकडं. लगेच ती उठून कणकेचं पातेलं शोधायला लागली. पातेलं तिच्या समोरच होतं.

माझा डावा पाय घोट्याखाली वाकडा आहे. लहानपणापासून. काठी घेऊन चालते, शिवणयंत्राला मोटर लावून घेतली आहे, आणि ह्यापलीकडं त्या पायानं माझं फारसं काही अडवलेलं नाही. माझं लग्न झालं नाही त्याचं कारण लोक त्या पायात शोधतात. खरं कारण माझ्या जिभेत आहे. पण आमच्या घरात माणसं बोलता बोलता माझ्या पायाकडं बघून गप्प होतात, त्याचा मला फार वैताग येतो. जसा काही तो माझा पाय नसून देवघरातला टाक आहे. त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही.

आमचे वडील, आबा, ह्याच आवारात फौंड्री चालवायचे तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून येऊन गेटापाशी सागरगोट्या खेळत बसले होते. गॅरेजपासून गेटापर्यंत आवाराला उतार आहे. आबांची जीप मागं आली आणि माझ्या पायावरून गेली. ‘जीप घरंगळली. हँडब्रेक निसटला होता.’ दवाखान्यात आबांनी हेच सांगितलं, आजोळी हेच लिहून कळवलं, शेजाऱ्यांनाही हेच. घरात ती गोष्ट ह्या दोन वाक्यांतच सांगायची पद्धत पडली. त्यापुढं कुणी काही विचारलं नाही. जीप त्याच आठवड्यात विकली. अण्णा तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा होता. त्या वर्षी तो नापास झाला आणि मी प्लॅस्टरमध्ये असताना मला वाचून दाखवायला म्हणून ढीगभर मासिकं आणायला लागला. त्यांतली निम्मी गाड्यांची असायची. मी लिहायला-वाचायला जे काही शिकले ते शाळेपेक्षा त्या मासिकांवरच. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. अण्णा बिछान्याशेजारी बसून सांगायचा, बघ कुंदे, ही गाडी कागदावरसुद्धा पळते.

तर सभेत ठरलं काहीच नाही. आणि कुणीही काही बोलायचं नाही हे न बोलता ठरलं. पुढचे दोन दिवस आम्ही जे केलं ते आठवून मला आजही स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावंसं वाटतं.

शुक्रवारी सकाळी नलूवहिनीची कंबर धरली. ती पलंगावरून उठेना. अण्णानं वैद्यांकडून तेल आणलं. वहिनीनं ते लावून घेतलं आणि कण्हत कण्हत म्हणाली, “घाट काय मला सोसायचा नाही हो. पुढच्या वर्षी जाऊ.”

“तू नको येऊ,” अण्णा म्हणाला. “मी एकटा जातो.”

तेव्हा वहिनी जी उठली ती तडक माझ्या दुकानात, कंबरबिंबर विसरून. “आता काय करायचं? एकटे जातो म्हणतात! शेजारी मी असते तर निदान ओरडले तरी असते!”

मग मी माझा डाव टाकला. ड्रायव्हरच्या सीटची पाठ पुरती उसवून ठेवली आणि अण्णाला म्हणाले, “चामडं गेलंय. असं चामडं इथं मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागेल. महिना जाईल.”

तो ती उसवलेली सीट बघत उभा राहिला. आतला फोम, स्प्रिंगा, सगळं बाहेर. “कुंदे,” तो म्हणाला, “असं वाईट दिसतंय ते चालेल. डाग असू देत. ओरिजिनल डाग आहेत ते. तू नुसतं आहे ते परत शीव. आज रात्रीपर्यंत होईल ना?”

माझ्या शिवणीवर त्याचा फार विश्वास. नाही म्हणता येईना. मी शिवलं. रागानं शिवलं, पण नीट शिवलं. वाईट शिवायला मला जमत नाही, ही माझी एक अडचण आहे.

शनिवारी दुपारी क्लबचे बेहेरे गाडी तपासायला येणार होते. ते येण्याआधी थोडा वेळ बापू गॅरेजमधून हात पुसत बाहेर पडताना मी बघितला. त्यानं मला बघून नजर चुकवली.

“काय केलंस?”

“काय न्हाई. ब्याटरी उतरलीया बहुतेक.”

“उतरलीय की उतरवलीस?”

“ताई,” बापू म्हणाला, “तुमी शिवणकाम बघा की.”

बेहेरे आले. पन्नाशीचे, गोरे, उन्हात कान लाल झालेले, अतिशय सभ्य. गाडी बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. गाडीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, वाकून खालून बघितलं, दाराच्या कडेवर बोट फिरवलं.

“इंगवलेसाहेब, रंग कंपनीचाच?”

“कंपनीचाच. एक थेंब वेगळा नाही.”

“किती सुंदर ठेवली आहे हो! आता अशा राहिल्याच नाहीत. लोकांनी रंगवून, पंख लावून वाट लावली. आणखी काही वर्षांनी ह्या पहिल्या पिढीला लोक शोधत फिरतील, बघा तुम्ही.”

“मी तेच सांगतोय!” अण्णा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी परक्या माणसानं, न हसता, तेच म्हटलं होतं. अण्णानं माझ्याकडं, वहिनीकडं, बापूकडं बघितलं, बघा, ऐकलंत ना, असं.

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझी जीभ सुटते. म्हणून मी ओठ चावून धरले.

“सीटवर डाग का पडले?” बेहेऱ्यांनी विचारलं.

“माझ्या बहिणीनं कव्हरं शिवली होती जपायला,” अण्णा म्हणाला. “चूक तिची नाही, माझी. ती तेव्हाच नको म्हणाली होती.”

हे मला नवीन होतं. ती नको म्हणाली होती हे त्याला आठवत होतं.

“असू द्या, हेही गाडीचं वयच,” बेहेरे हसले. “चला, एक चक्कर मारून आणू. मालकाच्या हातात कशी चालते ते बघायचं आणि मी मोकळा. उद्या पन्हाळ्यावर पाटी लावायलाच भेटू.”

“ब्याटरी उतरलीया सायब,” बापू लगेच म्हणाला. “उद्या तर काय…”

बेहेऱ्यांनी बॉनेट उघडलं. खाली वाकले. “अहो, उतरली कुठली? तार निघाली आहे नुसती.” टक्क करून त्यांनी ती बसवली. “धक्क्यानं निघत असेल.”

बापूनं आभाळाकडं बघितलं.

अण्णा ड्रायव्हरच्या बाजूनं आत बसला. बसला म्हणजे अडकला. सीट बापूच्या उंचीवर पार पुढं सरकवलेली होती. अण्णाचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यानं सीट मागं सरकवायचा खटका शोधला. डावीकडं हात घातला, उजवीकडं घातला, पाठीमागं घातला. बेहेरे शेजारी बसून सभ्यपणे समोर बघत होते. शेवटी त्यांनीच खाली वाकून खटका ओढून दिला.

“अहो, माझी कंबर…” वहिनी दारातून म्हणाली.

“तुझी कंबर काय?” अण्णानं विचारलं.

“नाही, काही नाही.”

इंजिन सुरू झालं. अण्णानं कसलं तरी बटण दाबलं आणि बॉनेटमधून दोन्ही दिवे वर आले. गाडी भिंतीकडं तोंड करून उभी होती. मागं घेऊन, उतारावरून, गेटातून बाहेर काढायची होती. आणि गेट लावलेलं होतं. वहिनी दारात, बापू बॉनेटपाशी. गेटाच्या जवळ मीच होते. म्हणून मी गेले. खरंच एवढंच. मनात दुसरं काही नव्हतं. काठी टेकत उतारावरून खाली गेले आणि कडी काढायला लागले. कडी गंजलेली, लवकर निघेना.

मागं इंजिनाचा आवाज वाढला. गिअर पडल्याचा करकर आवाज आला, एकदा, दोनदा. बापूचा आवाज ऐकू आला, “क्लच पुरा दाबा मालक, पुरा…” मग गाडीच्या मागचा पांढरा दिवा लागला. मी मान वळवून बघितलं. मागच्या काचेतून अण्णाचं डोकं दिसत होतं. तो वळून बघत नव्हता. वरच्या आरशात बघत होता, आणि आरशात मी होते.

“येऊ द्या, येऊ द्या मागं,” बेहेरे म्हणत होते. “ताई बाजूला होतील. येऊ द्या.”

मला बाजूला व्हायला काहीच हरकत नव्हती. पण माझी काठी कडीत अडकली होती आणि मी ती सोडवत होते.

गाडी हातभर मागं आली. आणि गचका बसून बंद पडली.

अण्णानं किल्ली फिरवून काढली, दार उघडलं आणि तो गाडीबाहेर आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बेहेरेही गोंधळून दुसऱ्या बाजूनं उतरले.

“काय झालं साहेब?”

“ब्याटरीच,” बापू म्हणाला.

“सीट नीट बसली नाही माझी,” मी गेटापासून ओरडले. “मीच शिवलीय घाईत.”

“त्यांना उन्हाचा त्रास आहे,” वहिनी म्हणाली. “पित्त होतं. सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी. बापू, लिंबू सरबत…”

“आणतो वैनी.”

“आणि इथं उतार आहे ना,” वहिनी बोलतच सुटली, “इथं गाडी नेहमीच अशी…”

“नले,” अण्णा म्हणाला. “गप्प बस जरा.”

इतक्या हळू म्हणाला की वहिनी खरंच गप्प बसली. बापू सरबताला निघालेला, तो तिथंच थांबला. बेहेरे एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. आमच्या तिघांच्याही तोंडात पुढची कारणं तयार होती. माझ्याही होती. मी अण्णाला ओळखते. मला वाटलं, तो एखाद्या पिढीबद्दल बोलेल. ह्या मॉडेलचा रिव्हर्स कडक असतो म्हणतात, असं काहीतरी. आम्ही सगळे ते ऐकून माना डोलावू, बेहेरेही डोलावतील, आणि उद्या सकाळी तो एकटा घाट चढायला निघेल.

तो उतारावरून चालत खाली आला. माझी काठी कडीतून सोडवली आणि माझ्या हातात दिली. मग तिथूनच, माझ्याजवळ उभा राहून, तो बेहेऱ्यांकडं बघून बोलायला लागला.

“बेहेरे, जीप घरंगळली नव्हती.”

“कुठली जीप?” बेहेरे म्हणाले.

“अहो…” वहिनीनं तोंडावर पदर घेतला.

“आमच्या आबांची. हिच्या पायावरून गेली ती. हँडब्रेक निसटला असं आमच्या घरात सांगतात. आबांनी सांगितलं, मग आईनं, मग सगळ्यांनी.” अण्णाचा हात माझ्या काठीवर अजून तसाच होता. “हँडब्रेकला काही झालं नव्हतं, कुंदे. मी चालवत होतो.”